समुद्राचा समास

फाल्गुन सरत आला की तिसगावात एक दिवस वारा पडतो. एरवी आमच्याकडे वाऱ्याला खळ नसतो. लिंबाची वाळकी पानं ओसरीच्या कोपऱ्यात साचत राहतात, पत्रे कुरकुरतात, दोरीवरचे कपडे एकमेकांना मारतात. मग एका दुपारी सगळं थांबतं. पाण्याच्या टँकरमागे उडालेली धूळसुद्धा जागच्या जागी उभी राहते. त्या दुपारी मला कळतं की इथून फार दूर, अंदमानाच्या आसपासही आता वारा मंदावला असेल. समुद्राची वरची कातडी शांत झाली असेल आणि त्याच्या पोटातलं दिसायला लागेल.

पोटातल्या लाटा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. समुद्र वरून एकसारखा दिसला तरी आत त्याचे थर असतात. वर उन्हानं तापलेलं हलकं पाणी, खाली गार आणि जड पाणी. बेटांच्या मधल्या बुडालेल्या डोंगरांवरून भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करतं, तेव्हा या दोन थरांच्या सांध्यावर लाट उठते आणि चालू लागते. ती आमच्या चर्चच्या मनोऱ्याहून उंच असू शकते, पण वर होडीत बसलेल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. वर फक्त तिची खूण उमटते. कुठे पाणी किंचित खरखरीत होतं, कुठे किंचित गुळगुळीत. उपग्रहावरचं रडार ती खरखर टिपतं. चित्रात राखाडी समुद्रावर उजळ आणि काळ्या वाकड्या रेघा दिसतात, एकीमागे एक, पुढची सर्वांत लांब, मागच्या आखूड होत गेलेल्या. कोंबडीमागून पिलं निघावीत तशा, असं अण्णा म्हणाले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी पाथर्डी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत केली. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, शिक्षकांच्या सहलीत, आणि त्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही, ही रचनाच त्यांना पटली नव्हती.

चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. नगरच्या कॉलेजातून मी प्रबंधासाठी रजा घेतली होती आणि आईअण्णांकडे तिसगावला येऊन राहिले होते. वीज दिवसातून किती वेळा जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून उपग्रहाची चित्रं मी नगरला मोठ्या कागदांवर छापून आणत असे. त्यांवर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि दिसेल ती प्रत्येक लाट पेन्सिलीनं गिरवायची. संगणक हे करू शकतो, पण तो फसतो. पावसाची सर, जहाजामागची रेघ, तेलाचा तवंग, सगळ्यालाच तो लाट म्हणतो. आणि माणूस दुसऱ्या तऱ्हेनं फसतो, त्याला हवं ते दिसतं. म्हणून माझ्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं की दुसऱ्या कुणाकडून तरी तीच चित्रं वेगळी गिरवून घ्या, ज्याला तुमच्या निष्कर्षाशी देणंघेणं नाही अशा माणसाकडून.

तसा माणूस घरातच होता. अण्णांनी पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढलं, चष्मा पुसला आणि लिंबाखाली टेबल मांडून घेतलं. सकाळी ते आणि मी पाठीला पाठ लावून बसायचो, एकमेकांचं दिसू नये म्हणून. संध्याकाळी दोघांचे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचो. जी लाट दोन्ही कागदांवर आहे ती ठेवायची. जी एकाच कागदावर आहे ती खोडायची. हा नियम अण्णांनी घालून दिला होता. दोघांनी पाहिलं तर साक्ष, एकट्यानं पाहिलं तर कल्पना, असं ते म्हणत.

शेजारचे भाऊसाहेब कुंपणापाशी येऊन उभे राहत. एकदा त्यांनी फार गंभीर चेहरा करून विचारलं, "मास्तर, समुद्राचं पानी तिसगावला कवा सोडताय?"

अण्णांनी मान वर केली नाही. "आधी अर्ज दे," ते म्हणाले. "समास सोडून लिही."

समास हे अण्णांचं वेड होतं. वहीच्या डाव्या बाजूची ती उभी रेघ आणि तिच्या पलीकडची कोरी पट्टी. त्यांच्या वर्गातली मुलं पुढे जीपचे ड्रायव्हर झाली, ऊसतोडीचे मुकादम झाली, एक तर फौजदार झाला, पण कागद समोर आला की सगळ्यांचा हात आधी डावीकडे जागा सोडतो. समास मास्तरांचा, असं अण्णा वर्गात सांगत. तिथं मुलांनी काही लिहायचं नाही. तिथं मास्तर लाल पेन्सिलीनं चूक लिहितो.

ते कागद आता माझ्यासमोर आहेत. प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात अण्णांच्या वळणदार अक्षरात तारीख आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका कागदावर डाव्या कडेला बोटभर जागा कोरी आहे आणि तिथं माझ्या अक्षरात, बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, 'मास्तरांचा समास'. मी तो कागद आईला दाखवला होता, ते मला स्पष्ट आठवतं. बघ, मी म्हटलं होतं, अण्णांनी समुद्रालासुद्धा समास सोडलाय. आई पदर तोंडाला लावून हसली होती. अण्णांनीही कागद हातात घेऊन पाहिला, आणि हसले. त्यांना त्यात काय दिसलं असेल, किंवा दिसलं नसेल, हे मी तेव्हा विचारलं नाही.

नंतरच्या कागदांवर समास दोन बोटं होतो. मग चार. मार्चच्या मध्यावर तो वीतभर आहे.

मला ते दिसत नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी कागद उजेडाकडे धरताना दिसत होतं की डावीकडे, म्हणजे बेटांच्या पश्चिमेला, माझ्या कागदावर लाटा आहेत आणि अण्णांच्या कागदावर नाहीत. नेमका तोच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. बेटांपासून पूर्वेकडे जाणाऱ्या लाटा ठळक असतात, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पश्चिमेकडे, बंगालच्या उपसागरात किती जातात? त्यांच्या खुणा फिकट असतात. मला त्या असायला हव्या होत्या. आणि म्हणूनच मला वाटलं, मला हवं तेच दिसतंय. अण्णांचा डोळा निःस्वार्थ आहे. मी खोडरबर घेतलं आणि नियमाप्रमाणे माझ्या कागदावरच्या लाटा खोडत गेले. प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात मी एक वाक्यही लिहिलं, की या ऋतूत पश्चिमेकडच्या लाटा उत्तरोत्तर क्षीण होत जातात. वाक्य मला आवडलं होतं.

तो उपवासकाळ होता, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं परतत होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, पाचटाच्या मोळ्यांवर झोपलेली लेकरं. चिंचा झोडपून झाल्या होत्या आणि आई ओसरीत बसून त्या फोडत असे. या सगळ्या गोष्टींच्या मधे, आज आठवलं की अंगावर काटा येतो अशा, काही अगदी लहान गोष्टी घडत होत्या. अण्णांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. ते चौकटीलाच बोलायचे, की तू इथं कधीपासून आलीस. दाढी करून बाहेर यायचे तर डाव्या गालावर खुंट तसेच. आई म्हणायची, न्हावी पळून गेला का मधूनच. चर्चमध्ये गीत म्हणताना ते ओळीच्या मधूनच सुरुवात करू लागले. त्यांचा आवाज मोठा होता, त्यामुळे बाकांच्या दोन रांगा गोंधळायच्या. पाळकसाहेबांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. आम्ही नगरला नेऊन नंबर तपासला. नंबर तोच होता. आम्हाला बरं वाटलं.

आणि ताट. आईचं वाढणं ठरलेलं. डावीकडे कांदा, मीठ, शेंगदाण्याची चटणी, उजवीकडे कालवण, मधे भाकरी. चटणी ती खास अण्णांसाठी उखळात कुटायची, मिक्सरची त्यांना चालत नसे. मार्चच्या शेवटाला चटणी ताटात तशीच राहायला लागली. कांदा तसाच. भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्लेला आणि डावा जसाच्या तसा, सुरीनं कापल्यासारखा. आणि तरी अण्णा म्हणायचे, आज भाकरी एवढीशीच का वाढलीस.

आईला ते लागलं. एवढ्या वर्षांत तिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरांनी माझी चटनी डावलली."

डावलणं. हा शब्द आपण किती सहज वापरतो. नोकरीत डावललं, लग्नात डावललं, पंगतीत डावललं. डाव्या बाजूला टाकलं, म्हणजे लक्षातून काढून टाकलं. भाषेनं हे केव्हाच सांगून ठेवलेलं होतं. मी भाषेची आवड असलेली बाई, शब्दांची व्युत्पत्ती बघण्यासाठी कोश चाळणारी. तो शब्द आईच्या तोंडून ऐकला आणि पुन्हा कागदाकडे वळले.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही जेवायला बसलो. अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हात ताटावरच थांबवून भाकरी मागितली. आई त्यांच्या समोर बसली होती. तिनं ताटाकडे पाहिलं. रागानं, की कंटाळून, की आणखी कशानं, ते तिलाही सांगता येत नाही, पण तिनं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि अर्धं फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली.

"अगं, आहे की भाकरी," अण्णा म्हणाले. "आणि चटणीसुद्धा. केव्हा वाढलीस?"

ते खाऊ लागले. चटणी बोटानं पुसून खाल्ली. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. जेवण संपेपर्यंत आम्ही तिघं नेहमीसारखेच बसलो होतो.

मग मी जे केलं त्याबद्दल अजून मला स्वतःशी बोलता येत नाही. मी अण्णांना लगेच दवाखान्यात नेलं नाही. मी लिंबाखालच्या टेबलाशी गेले, सकाळी त्यांनी गिरवलेलं चित्र घेतलं, उलटं फिरवलं, खालची कड वर, त्यावर नवा ट्रेसिंग पेपर ठेवला आणि त्यांना हाक मारली. मला वाटतं, माझा विश्वास बसला नव्हता. किंवा मला तो प्रयोग वाटला. अभ्यास करणाऱ्या माणसात एक क्रूर भाग असतो.

अण्णा बसले. पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासून पाहिलं. आणि पश्चिमेच्या लाटा, ज्या आता त्यांच्या उजव्या हाताला आल्या होत्या, एकेक करून गिरवायला लागले. मला दिसल्या होत्या त्या सगळ्या. मला दिसल्या नव्हत्या अशाही दोन, केसाएवढ्या बारीक. त्यांचा हात जराही कापत नव्हता. सकाळी ज्या पूर्वेच्या लाटा त्यांनी स्वच्छ गिरवल्या होत्या, त्या आता डावीकडे होत्या आणि तिकडे त्यांची पेन्सिल एकदाही गेली नाही.

"हे नवीन चित्र दिसतंय," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"इकडे तर लाटाच लाटा आहेत, रूथ. आधी का नाही दाखवलंस?"

माझा प्रश्न सुटला होता. लाटा होत्या. माझे डोळे खरे होते, आणि समोर निःस्वार्थ साक्षीदार बसून एकेका लाटेची ग्वाही देत होता. प्रबंधातली ती दुपार सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. मी आत जाऊन आईला सांगितलं की उद्या नगरला जायचंय.

नगरच्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढलं. तेही राखाडीच होतं, त्यातही एक उजळ आणि एक काळा भाग होता, आणि पहिल्या क्षणी मी त्यात रेघा शोधल्या. मेंदूच्या उजव्या भागात गाठ होती. डॉक्टर शांतपणे समजावत होते. डोळे चांगले असतात, ते म्हणाले, पण डावीकडे जग आहे हेच माणूस विसरतो. त्याला काही चुकतंय असं वाटतच नाही. बाकीच्यांनाच ते लक्षात यावं लागतं. मी विचारलं, केव्हापासून असेल. त्यांनी मलाच उलट विचारलं, की तुमच्या कधी लक्षात आलं. मी म्हटलं, काल. पर्समध्ये त्या फेब्रुवारीतल्या कागदाची घडी होती आणि तिच्यावर माझं अक्षर होतं. ती मी बाहेर काढली नाही. लवकर आलो असतो तर, एवढंच विचारलं. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, या गाठीचं काही सांगता येत नाही. चांगली माणसं असंच बोलतात. त्या थांबण्यात उत्तर होतं की नव्हतं, हे मी चार वर्षं तपासते आहे.

पुढचे महिने थोडक्यात सांगते, कारण ते मोठे नव्हते. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं की मग माझ्या कागदांचं काय, ते सगळे बाद का. मी म्हटलं, बाद नाहीत, अर्धे बरोबर आहेत. अर्ध्या मार्कांवर पास करायची पद्धत आपल्यात नाही, असं ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आपल्याला फसवलं गेल्याची त्यांची भावना होती. कुणी फसवलं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

आम्ही घर त्यांच्या उजव्या बाजूला आणलं. पाण्याचा तांब्या, चष्मा, पवित्र शास्त्र, घड्याळ, सगळं उजवीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई दारातच सांगायची, "तिकडून जावा, इकडून आलं तर मास्तरांना मानूस दिसत न्हाई." भाऊसाहेब एकदा विसरून डावीकडे उभे राहिले आणि कितीतरी वेळ बोलत होते. अण्णा शेवटी आईला म्हणाले, भाऊसाहेबाचा आवाज कुंपणावरून किती स्पष्ट येतोय बघ. भाऊसाहेब बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. त्यानंतर ते कधी काही थट्टेचं बोलले नाहीत.

पेरण्या होऊन गेल्या होत्या तेव्हाची एक सकाळ. रात्रभर आई जागी होती, पहाटे तिला झोप लागली, आणि अण्णांचा डावा हात खाटेवरून खाली लोंबत होता म्हणून मी तो उचलून हातात घेतला आणि तशीच तिथं बसले. हात गार होता. मी तो दोन्ही हातांनी चोळत होते. आई उठली, त्यांच्या उजवीकडे येऊन बसली. अण्णांनी डोळे उघडले.

"रूथ आली नाही?" त्यांनी आईला विचारलं.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "इथंच हाय की. तुमचा हात धरून बसलीय."

अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो आईच्या हातात होता. त्यांनी तो जरा उचलून पाहिला, आणि समजूत घालतात तसं हसले. म्हणाले, "येईल. वाट बघू."

मी उठले. खाटेच्या पायथ्याला वळसा घालून पलीकडे जायला चार पावलं लागतात. मी मोजली आहेत, नंतर, पुष्कळदा. मी पोचले तोवर त्यांनी डोळे मिटले होते. त्यानंतर दोन दिवस श्वास चालू होता, पण डोळे उघडले नाहीत.

प्रबंध पुरा झाला. पश्चिमेच्या लाटांचं ते वाक्य मी काढून टाकलं, माझ्या खोडलेल्या लाटा नव्या कागदांवर पुन्हा गिरवल्या, आणि दुसऱ्या निरीक्षकाच्या आजारपणाबद्दल एक तळटीप लिहिली. तळटिपेत अण्णांचं नाव नाही. अशा ठिकाणी नाव लिहीत नाहीत.

त्यांचे कागद मात्र मी त्यानंतर कधी उघडले नव्हते. यंदा वारा पडला त्या दुपारी उघडले. टेबल लिंबाखालीच मांडलं, अण्णांच्या दप्तरातली लाल पेन्सिल घेतली. समास मास्तरांचा आणि चूक लाल पेन्सिलीनं. मास्तर नाहीत, चूक आहे. मूळ चित्र खाली ठेवून मी त्यांच्या प्रत्येक कागदाच्या कोऱ्या बाजूत राहून गेलेल्या लाटा भरायला लागले. शेवटच्या कागदापासून मागे मागे. झावळ्यांच्या रविवारच्या सकाळी अर्धा कागद लाल झाला. मार्चच्या मध्याला वीतभर. मग चार बोटं, दोन बोटं. मागे जावं तसं लाल कमी होत गेलं आणि अण्णांच्या काळ्या रेघा डावीकडे पसरत गेल्या, जणू ते पुन्हा सगळं बघू लागले होते.

ऊन उतरलं तेव्हा फेब्रुवारीतला तो कागद वर आला. घडीच्या खुणा असलेला. कडेला बोटभर जागा, तिच्यात माझं अक्षर. चित्र खाली सरकवून नीट बसवलं. त्या बोटभर जागेत एकच लाट होती, आखूड, रांगेतली शेवटची. माझा स्वतःचा जुना कागद काढून पाहिला. तिथं ती मी गिरवली होती आणि संध्याकाळी नियमाप्रमाणे खोडली होती. खोडरबरानं कागद तिथं खरखरीत झाला आहे. उजेडाकडे धरला की ती लाट दिसते.

मी पेन्सिल टेकवली, तर 'मास्तरांचा समास' ही अक्षरं बरोबर त्या लाटेवरच आली होती.

आतून आईचा आवाज आला. ताटं वाढली होती. तिनं अलीकडे एक सवय लावून घेतली आहे. जेवताना मधेच ती समोरच्याचं ताट अर्धं फिरवते, माझंही, पाहुण्याचंही, आणि बघते. 

मी उठत नाही असं पाहून ती दारात आली. "झालं न्हाई का अजून?" तिनं विचारलं. "किती ऱ्हायलंय?"

"एक," मी म्हटलं.